फोटोतली बाई

गिरीशचं बोट कीबोर्डच्या एफ-सेव्हनवर पडलं आणि पडद्यावरचा चेहरा उजळला. त्यानं फाईल सेव्ह केली, चहाचा कागदी पेला उचलला आणि मगच मान वर करून नीट बघितलं.

"सर, एक नंबर!" मागं उभा असलेला अभिजित म्हणाला. "हाच पाठवू या. शारजावाले खूश होतील."

अभिजित पुण्याचा, तिशीतला, गिरीश काम करायचा त्याच जाहिरात कंपनीच्या दोहा ऑफिसात दोन वर्षांच्या करारावर आलेला. गेला महिनाभर त्याच्या तोंडी एकच विषय होता: आफ्रिकन ग्राहक. शारजाची एक लोशनवाली कंपनी त्यांची जुनी क्लायंट. इतकी वर्षं तिनं गोरेपणाची क्रीमं विकली होती आणि आता तिला जाग आली होती की दोह्यातली माणसं बदललीत. मॉलच्या दारातले गार्ड, टॅक्सीवाले, हॉटेलातले वेटर, घरकामाच्या बायका, जावं तिथं केनियाची, युगांडाची, घानाची माणसं दिसत होती. त्यांना गोरेपणाचं क्रीम विकून काय करणार, कप्पाळ! म्हणून शिया बटरचं नवं लोशन, खास काळ्या त्वचेसाठी. अभिजितनं त्यावर चाळीस स्लाइडचं प्रेझेंटेशन केलं होतं. वय, पगार, कुठं राहतात, काय खातात, सगळं होतं त्यात, फक्त एकाही स्लाइडवर एकाही माणसाचं नाव नव्हतं.

नाव होतं ते या फोटोतल्या बाईला. नाकातो. त्यांच्याच इमारतीत खाली रिसेप्शनपाशी बसणारी युगांडाची सिक्युरिटी गार्ड. दुबईहून मॉडेल मागवायला वेळ नव्हता, तेव्हा अभिजितच म्हणाला होता, "खाली बसतात ना त्या मॅडम, त्यांनाच घेऊ. एकदम ऑथेंटिक." नाकातोनं आपल्या सिक्युरिटी कंपनीला विचारलं, कागदावर सही केली आणि एकच गोष्ट मागितली: एक कॉपी मला द्या, आईला पाठवायचीय. रविवारी दुपारी लॉबीतल्या मोठ्या काचेशेजारी बसवून गिरीशनंच ऑफिसच्या कॅमेऱ्यावर तिचे फोटो काढले होते.

आता सोमवारी तीच नाकातो समोर होती. कपाळ तेच, पुढच्या दोन दातांमधली फट तीच, हसताना डावी भुवई किंचित वर जायची तीही तशीच. पण चेहऱ्यावर तो उजेड आला होता, गिरीशच्या चांगल्या ओळखीचा, आणि त्या उजेडातून कुणी दुसरीच बाई त्याच्याकडे बघत होती.

"थांब जरा," तो म्हणाला. "हे चुकलंय माझं. मूळ फोटो काढतो."

मूळ फोटो कुठून काढणार? त्यानं मूळ फाईलवरच सेव्ह केलं होतं. निवडलेला एक ठेवून बाकीचे उडवायचे आणि कॅमेऱ्याचं कार्ड त्याच दिवशी पुसून टाकायचं, ही त्याची जुनी खोड. ऑफिसातले नवे लोक याला हसायचे. तो म्हणायचा, कचरा साठवायचा कशाला.

"अहो, चुकलंय काय त्यात?" अभिजित म्हणाला. "मी फोल्डरमधून मेल केलाही."

तासाभरात शारजाहून उत्तर आलं. अप्रूव्ह्ड. खाली टाळ्या वाजवणाऱ्या हातांची तीन चित्रं होती.

संध्याकाळी घरी निघताना नाकातोनं रिसेप्शनमागून हात केला. "सर, माझा फोटो?" गिरीशकडं दुसरा होता कुठं? त्यानं तोच पाठवला. तिनं फोनवर पाहिला, अरबीत "शुक्रन, सर" म्हणून आभार मानले आणि लगेच एका कुरिअरवाल्याचं ओळखपत्र तपासायला वळली.

गाडीत बसल्यावर गिरीशनं एसी लावला आणि घरचा रस्ता धरला.

हा एफ-सेव्हन काय प्रकार होता ते सांगायला हवं. फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये पाच-सहा गोष्टी एका बटणावर बांधून ठेवता येतात. कातडी दीड छटा उजळ, डोळ्यांखालचं काळं कमी, ओठांच्या कडेची सावली गायब. एक बटण दाबलं की काम तमाम. दोह्यात आल्यापासून पंधरा वर्षं काम सुरू करायच्या आधी त्याचं बोट आपोआप तिथंच जायचं, माणसानं घरात शिरताना चपला काढाव्यात तसं. पण हे बटण तो दोह्यात शिकला नव्हता. ते सिन्नरचं होतं.

सिन्नरला बसस्टँडजवळ अण्णांचा, म्हणजे त्याच्या वडिलांचा, फोटो स्टुडिओ होता. "आपल्या स्टुडिओतून कुणी काळं बाहेर पडत नाही," असं अण्णा छाती काढून सांगायचे, आणि लोकही त्यासाठीच यायचे. लग्नाच्या पोरींच्या आया तर पंचक्रोशीतून यायच्या. बायोडेटाला जोडायचा उभा फोटो, साडीतला, एक हात कुंडीवर. प्रिंट काढताना अण्णा अंधाऱ्या खोलीत चेहऱ्याच्या जागेवर आपल्या पंजाची सावली धरायचे, म्हणजे चेहरा तेवढा उजळ निघायचा. पुढं कॉम्प्युटर आला, डिजिटल कॅमेरा आला आणि अण्णांच्या पंजाचं काम गिरीशच्या बोटाकडं आलं. डिस्क लहान होती, म्हणून अण्णांचा नियम: एका गिऱ्हाइकाची एकच फाईल.

विभावरी गिरीशची थोरली बहीण. विभाताई. नाशिकला शाळेत शिकवायची, रोज एसटीनं जायची-यायची. घरी पोचायला साडेसात-आठ वाजायचे. तोवर आई दाराशी आत-बाहेर करत राहायची आणि ताई कोपऱ्यावर दिसली की म्हणायची, "आली बाई एकदाची." मगच कुकर चढायचा. ताई काळी होती. सावळी नव्हे, काळी. सावळी हा शब्द बायोडेटात लिहायचा असतो. तिला त्याचं काही नव्हतं, घरातल्या बाकीच्यांना होतं. ती सत्तावीस वर्षांची झाली तेव्हा आईनं गिरीशला बाजूला घेऊन सांगितलं, "गिऱ्या, जरा उजळ कर रे. जास्त नको, पाहण्यापुरती." त्यानं बटण दाबलं. आई मागं उभी होती, तिचं समाधान झालं नाही. त्यानं पुन्हा दाबलं आणि सेव्ह केलं.

फोटोवर भाळून संगमनेरची माणसं बघायला आली. ताईच पाण्याचा ट्रे घेऊन बाहेर आली. मुलाच्या आईनं पेला उचलला, तिच्याकडं न बघता म्हणाली, "मुलीला बोलवा ना बाहेर."

ताईनं शांतपणे ट्रे खाली ठेवला, आत गेली, तो फोटो घेऊन आली आणि पोह्यांच्या बशीशेजारी ठेवला. "ही घ्या," म्हणाली. "हिला स्वयंपाक येत नाही, पण दिसायला छान आहे."

पाहुणे गेल्यावर गिरीश तोंड लपवत फिरत होता तर तीच त्याला शोधत आली. रागावलेली वगैरे अजिबात नव्हती. "गिऱ्या, ती तुझी बाई," ती हसून म्हणाली. "आता तिचं लग्न जमव. मला मोकळं कर."

त्यानंतर ती कुणासमोर बसली नाही. दोन वर्षांनी काविळीनं अकरा दिवसांत गेली. तेराव्याला फ्रेम लागणार, तेव्हा आईनं कपाटातून तोच फोटो काढला. हाच चांगलाय, म्हणाली. दुसरा तरी कुठं होता? लहानपणचे होते ते सगळे अण्णांच्या पंजाखालून निघालेले. मोठेपणचा एकच, आणि त्याची मूळ फाईल गिरीशनं पुसलेली. तेव्हापासून चंदनाचा हार घालून ती फोटोतली बाई सिन्नरच्या भिंतीवर होती. दर शुक्रवारी आईचा व्हिडिओ कॉल यायचा तेव्हा ती आईच्या खांद्यावरून गिरीशकडं बघत असायची. आई गुडघ्यांचं सांगायची, नळाला पाणी कधी येतं ते सांगायची, आणि गिरीश आईकडं बघतोय असं दाखवत त्या बाईची नजर चुकवायचा.

एवढ्यावर भागलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण डोळे मिटले तर त्याला ताईचा आवाज यायचा, तिचं भरभर चालणं यायचं, पर्स खुंटीला लावताना बांगड्या वाजायच्या त्याही यायच्या. चेहरा आठवायला गेलं की ती बाई यायची. ताईचा रंग नक्की कसा होता, हे त्याला आता सांगता आलं नसतं. ज्या एका गोष्टीवरून घरात एवढं रामायण झालं तीच गोष्ट तो विसरला होता. आणि एफ-सेव्हनमधून गेलेला प्रत्येक चेहरा, लेबनानी असो, फिलिपिनो असो, आपल्याकडचा असो, त्याच उजेडात उजळायचा. सी रिंग रोडवरून अल थुमामाला घरी जाताना दोन सिग्नल आणि तीन बसस्टॉपवरच्या जाहिरातींत ती उभी असायची. कधी शाम्पू घेऊन, कधी साबण घेऊन. आज गिरीशनं गाडी चालवताना तिकडं बघितलं नाही. आता नाकातोलाही आपण तिच्या हवाली केलं, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं.

मंगळवारी सकाळी तो लॉबीत शिरला तेव्हा नाकातो उभीच होती.

"सर, पाच मिनिटं आहेत?" तिनं इंग्रजीत विचारलं. इंग्रजी तिचं गिरीशपेक्षा चांगलं होतं. "तुम्ही दिलेला फोटो मी काल आईला पाठवला."

"बरं."

"आईचा फोन आला. म्हणाली, बाबिरये मोठी झाली."

"बाबिरये कोण?"

"माझी जुळी बहीण. आमच्याकडं जुळ्या मुली झाल्या की थोरलीचं नाव बाबिरये आणि धाकटीचं नाकातो, ठरलेलं असतं. आम्ही नऊ वर्षांच्या असताना ती तापानं गेली. ती आईवर गेली होती, उजळ. मी वडिलांवर." नाकातोनं स्वतःच्या गालाला बोट लावून दाखवलं. "तिचा एकही फोटो नाही, सर. आमच्या गावात तेव्हा कॅमेरा कुणाकडं असणार? मी आईला सांगितलं, आई, ती मी आहे. तर ती म्हणाली, गप्प बस. दोघींना एका पोटात वाढवलंय मी, कोण कुठली ते मला शिकवतेस?"

लिफ्टमधून दोन माणसं बाहेर आली. नाकातोनं त्यांना गुड मॉर्निंग म्हटलं, ते जाईपर्यंत थांबली.

"आज सकाळी तिनं शेजारच्या बायकांना बोलावून फोटो दाखवला. बघा, माझी बाबिरये. दोह्याला नोकरीला आहे." ती हसली, पण हसू पुरं झालं नाही. "मी वाद घातला नाही. आईला तिची मुलगी मिळाली, मी कशाला मध्ये येऊ? पण सर, मग माझा फोटो कुठं आहे?"

गिरीशला संगमनेरच्या त्या बाईचा आवाज ऐकू आला, पाण्याचा पेला हातात धरलेली ती. त्यानं खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

"तुमचा फोटो मी घालवला," तो म्हणाला. "खरं सांगतो, माझ्या सवयीनं घालवला. परत काढू. आत्ताच काढू. चालेल?"

"आत्ता? युनिफॉर्मवर?"

"युनिफॉर्मवरच."

त्यानं तिला पुन्हा काचेशेजारी बसवलं. बाहेर सकाळचं कडक ऊन होतं, ते तिच्या उजव्या गालावर सरळ येत होतं. कॅमेऱ्याला डोळा लावला आणि त्याच्या मनात आलं की जिवंत माणसाचा फोटो परत काढता येतो. इतकी साधी गोष्ट! संगमनेरच्या पाहुण्यांनंतर ताई दोन वर्षं होती. रोज समोर जेवायला बसायची. कॅमेरा घरात होता. एकदा म्हणायला काय झालं असतं, ताई, बस गं, परत काढतो? तो म्हणाला नाही. तिनंही मागितला नाही.

"सर, रडताय?" नाकातोनं विचारलं.

"ऊन लागतंय डोळ्यांना," गिरीश म्हणाला.

वर जाऊन त्यानं आधी पेनाच्या टोकानं कीबोर्डवरचं एफ-सेव्हन उचकटून काढलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. मग कार्डावरचे सगळेच्या सगळे फोटो दोन ठिकाणी उतरवून घेतले. निवडलेल्या फोटोवर कॉलरची सुरकुती तेवढी सरळ केली, बाकी कशाला हात लावला नाही. गालावर ऊन पडलं होतं तिथं कातडीला निळसर चकाकी होती. डोळ्यांखाली बारा तासांच्या ड्यूटीचं काळं होतं. तेही राहू दिलं.

अभिजितनं दोन्ही फोटो शेजारी शेजारी बघितले आणि खुर्ची ओढून बसला.

"सर, क्लायंटनं ओके दिलंय. उद्या प्रिंटरला जायचंय. खलास झालेलं काम तुम्ही परत का उकरताय?"

"तू चाळीस स्लाइड कुणासाठी केल्यास?"

"म्हणजे?"

"त्या लोकांसाठीच ना? त्यांच्यातल्या एकीनं आज मला विचारलं, माझा फोटो कुठंय. काय उत्तर देऊ?"

अभिजितनं केसांतून हात फिरवला. "मान्य आहे हो. मला काय कळत नाही का? पण मार्चमध्ये माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय. शारजाला कोण सांगणार की आम्ही चुकीचा फोटो पाठवला?"

"मी सांगतो. माझ्या नावावर घाल सगळं."

"तुमचंही व्हिसाचं आहे, सर. भैरवीची दहावी आहे ना यंदा?"

"आहे," गिरीश म्हणाला. मुलीचं नाव निघालं. तरी त्यानं फोन उचलला.

शारजाच्या ब्रँड मॅनेजर सुरय्या मॅडम मूळच्या हैदराबादच्या. गिरीश हिंदीत बोलत राहिला आणि त्या मध्ये एकदाही बोलल्या नाहीत, त्यामुळं त्याला आपलं बोलणं फारच लांबलंय असं वाटायला लागलं. पंधरा वर्षं हे बटण दाबत आलोय, मॅडम, तुमच्याच क्रीमसाठी दाबलं, कुणी नाही म्हटलं नाही. पण हे लोशन ज्यांच्यासाठी काढलंय त्यांना त्यात आपलं माणूस दिसणार नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "गिरीशभाई, हे आधी सांगायचं ना." आणि पुढं म्हणाल्या, "दोन्ही पाठवा. वरती दाखवते." फोन ठेवला.

बुधवार तसाच गेला. अभिजित त्याच्याशी कामापुरतंच बोलला. गिरीशनं दोनदा मेल उघडून बघितली, दोनदा घरी फोन करायला घेतला आणि ठेवून दिला. गुरुवारी दुपारी उत्तर आलं. कुणाला कामावरून काढायची भाषा त्यात नव्हती, शाबासकीही नव्हती. निर्णय मात्र होता: इंडस्ट्रियल एरियातल्या आणि कामगारांच्या वस्त्यांकडच्या बसस्टॉपवर नवा फोटो, मॉलच्या बाहेर आधीचा, अप्रूव्ह झालेला. दोन्ही छापा.

"घ्या," अभिजित म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला होता, ते त्याच्या आवाजातच कळत होतं. "दोघांचीही नोकरी राहिली."

गिरीशला हे सांगायला खाली जाताना लाजच वाटत होती. निम्मंच जमलं होतं, आणि ती बाई पुन्हा उभी राहणारच होती, मॉलच्या दारात, लोशनची बाटली घेऊन. त्यानं नाकातोला जसं होतं तसं सांगितलं. फोनवर दोन्ही पोस्टर दाखवली. तिनं आधी स्वतःचं बघितलं, बोटांनी मोठं करून बघितलं, डोळ्यांखालचं काळं बघून जीभ चावली. मग दुसरं बघितलं. त्याच्याकडं ती जास्त वेळ बघत होती.

"हिला मॉलचं काम मिळालं," ती म्हणाली. "एसीतलं." आणि ती खळखळून हसली, दातांतली फट दिसेपर्यंत. "चला, म्हणजे आम्ही दोघीही दोह्यात कामाला लागलो. आईला सांगते."

गिरीशलाही हसू आलं. पायऱ्यांशी आल्यावर मात्र त्याला वाटलं, हिच्या घरच्या त्या फोटोतली बाई कुणीतरी आहे तरी. तिला नाव आहे, तिची आई तिला ओळखते. आपल्या सिन्नरच्या भिंतीवरची कोण?

शुक्रवारी सकाळी भैरवी क्लासला गेल्यावर त्यानं जुनी हार्डडिस्क काढली. त्याची बायको वल्लरी पोळ्या लाटत होती, ती लाटणं हातात घेऊनच दाराशी आली. पडद्यावर तो फोटो बघून तिला काय चाललंय ते कळलं.

"आईंना विचारलंत?"

"विचारणारच आहे. तिलाच विचारायचंय."

"त्या फ्रेमला हात लावलेला त्यांना खपत नाही, माहितेय ना? मागं मी नुसती काच पुसायला घेतली होती तर दोन दिवस बोलल्या नव्हत्या. पोरीच्या फोटोला काळं केलंस म्हणाल्या तर?"

अण्णा मोठा फोटो छापण्याआधी कागदाच्या पट्टीवर कमी-जास्त उजेडाचे तुकडे काढून बघायचे. तसंच गिरीशनं केलं. ताईच्या चेहऱ्याच्या सात प्रती केल्या, पहिली भिंतीवरच्या फोटोपेक्षा थोडी गडद, मग एकेक पायरी खाली. प्रत्येकीच्या कोपऱ्यात आकडा टाकला. सातवीशी आल्यावर त्याचा हात थांबला. एवढी? छे, एवढी नसेल. तरी ती ठेवली. सातही आईच्या फोनवर पाठवल्या आणि खाली लिहिलं: आई, यातली विभाताई कोणती?

दोन निळ्या खुणा आल्या. आईनं बघितलं होतं. उत्तर आलं नाही.

वल्लरीनं जेवायला वाढलं. तो जेवला, काय जेवला ते सांगता आलं नसतं. नेहमीची कॉलची वेळ टळून गेली. एकदा त्यानं फोन हातात घेतला तर वल्लरी म्हणाली, "थांबा, त्यांना वेळ द्या." दोन वाजून गेल्यावर फोन वाजला.

आई पडद्यावर आली. चष्मा घातलेला होता. तिच्या खांद्यावरून मागची भिंत दिसत होती, तिच्यावर खिळा होता, खिळ्याला चंदनाचा हार होता. फ्रेम नव्हती. तेवढा चौकोन भिंतीच्या बाकीच्या रंगापेक्षा वेगळा दिसत होता. गिरीशनं पहिल्यांदा नजर न चुकवता तिकडं बघितलं.

"आई, रागावलीस?"

"सात नंबर," आई म्हणाली.

"सात?"

"सातच्या जवळ आहे. पण सातही नाही. याच्या पुढचा पाठव."

"आई, त्याच्या पुढं गेलं तर एकदम…" काळी हा शब्द त्याच्या तोंडातून निघेना.

"काळीच होती ती," आई म्हणाली. "मला सांगतोस? मीच तुला म्हटलं होतं उजळ कर, आणि मीच वीस वर्षं त्या परकीला हार घालतेय. दर वेळी घालताना वाटायचं, ही कोण? म्हणायचं कुणाला? तू काढलेला फोटो, तुझं मन मोडायचं." तिनं चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा घातला. "आता अर्ध्यावर घाबरू नकोस. घे पुढं."

त्यानं आठवी केली, पाठवली. फोटो बघायला गेली की आईचा चेहरा पडद्यावरून जायचा आणि नुसता आवाज उरायचा.

"अजून," आवाज म्हणाला.

नववी.

"अजून थोडं. गालावर नको, गालावर तेल लावल्यासारखी चमक असायची तिच्या. कपाळाला घे."

त्यानं कपाळाला घेतलं. गालावरची चमक ठेवली. वल्लरी कधीतरी येऊन त्याच्या खुर्चीमागं उभी राहिली होती. त्यानं दहावी पाठवली आणि माऊसवरचा हात काढून घेतला.

सिन्नरच्या घरातला पंखा तेवढा ऐकू येत होता, रस्त्यावरून एक रिक्षा गेली. फोन कट झाला की काय म्हणून गिरीशनं पुढं वाकून बघितलं, चालू होता. मग पलीकडून आई बोलली, पण त्याच्याशी नव्हे, दाराच्या दिशेनं बोलावं तशी.

"आली बाई एकदाची."